रेस बाईकला व्हॉल्व्ह कुठले, टायटॅनियम की स्टेनलेस?

होंडाची कच्च्या ट्रॅकवरची रेस बाईक सीआरएफ ४५० आर २००२ला आली तेव्हाच कंपनीने इनटेकला (हवा-पेट्रोल आत येतं तिथे) टायटॅनियम आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर जातो तिथे) स्टीलचे व्हॉल्व्ह दिले. टायटॅनियम स्टीलपेक्षा ४० टक्के तरी हलकं, म्हणून हाय आरपीएमला फ्लोट (स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत बंद करता न येणं) लवकर होत नाही, हलकी स्प्रिंगपण चालते. पण फिल्टरमधून बारीक धूळ गेली की फेसवरचं (व्हॉल्व्हच्या टेकणाऱ्या कडेवरचं) कोटिंग उडतं, मग व्हॉल्व्ह सीटमध्ये (बंद होताना टेकतो त्या रिंगमध्ये) रुतत जातो, क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची ठरलेली फट) कमी होतं, बाईक किकने स्टार्टच होईना, बसा शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) बदलत. आणि प्लीज, टायटॅनियमला लॅपिंग पेस्ट (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायची खरखरीत पेस्ट) लावू नका, आहे ते कोटिंगपण जाईल!

स्टेनलेस जड, सोबत कडक स्प्रिंग घ्यावीच लागते, पण टिकतो. धुळीच्या ट्रॅकवर स्वतःच्या खिशातून रेस करणाऱ्याने डोळे झाकून हाच टाकावा. पोडियमसाठी भांडताय आणि इंजिन वेळेवर उघडताय, तर टायटॅनियमच घ्या.