फ्रुटिगर : दुरून आणि घाईत वाचणाऱ्यांसाठी घडवलेला फाँट

दिशादर्शक पाट्यांपासून लांबलचक अहवालांपर्यंत अनेक कामांत मी फ्रुटिगर हा रोमन लिपीचा फाँट वापरत आलो आहे. त्याची बोळवण बहुधा ‘साधा आणि स्वच्छ’ एवढ्या शब्दांत केली जाते. या साधेपणामागे किती विचार आहे, हे त्यामुळे नजरेआडच राहते.

स्विस अक्षररचनाकार आद्रियाँ फ्रुटिगर यांच्याकडे पॅरिसजवळच्या शार्ल द गोल विमानतळाच्या पाट्यांचे काम आले, तेव्हा त्यांचा १९५७ सालचा युनिव्हर्स हा फाँट जगभर नावाजला गेला होता. तोच पाट्यांवर चढवून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. परंतु सामान ओढत चालता चालता, तिरक्या कोनातून आणि कमी उजेडात पाटी वाचणाऱ्या प्रवाशाला समोर ठेवून त्यांनी नवी अक्षरे काढली. विमानतळ १९७४ साली सुरू झाला आणि त्या अक्षरांवर आधारलेला, छपाईसाठीचा फ्रुटिगर १९७६ साली बाजारात आला.

यातले मर्म पाहायचे असेल तर ‘सी’, ‘ई’ आणि ‘एस’ ही तीन लहान अक्षरे मोठी करून हेल्वेटिका या दुसऱ्या प्रसिद्ध फाँटच्या अक्षरांशेजारी ठेवावीत. हेल्वेटिकात वळणाची टोके आडवी कापलेली असून ती आत वळत एकमेकांच्या इतकी जवळ येतात, की थोडे अंतर वाढले किंवा अक्षर धूसर झाले की ‘सी’ हा ‘ओ’सारखा भासू लागतो. फ्रुटिगरमध्ये हीच टोके लवकर थांबतात, अक्षराचे तोंड मोकळे राहते आणि बाहेरची पांढरी जागा थेट अक्षराच्या पोटात शिरते. सहा आणि नऊ या अंकांच्या शेपट्याही अशाच मोकळ्या असल्यामुळे त्यांचा आठ होत नाही, आणि विमानतळाच्या दरवाजाचा क्रमांक वाचताना ही गोष्ट फार मोलाची ठरते.

ग्राफिक डिझायनर मासिमो विन्येली यांची वाट वेगळी होती. मोजक्याच फाँटांवर त्यांनी प्रचंड काम उभे केले. १९६७ साली अमेरिकन एअरलाइन्ससाठी केलेल्या बोधचिन्हातही त्यांनी हेल्वेटिकाच वापरला. अक्षराने तटस्थ राहावे आणि अर्थ मांडणीतून, आकारांच्या फरकातून, कोऱ्या जागेतून उमटावा, ही त्यांची भूमिका मला मनापासून आदरणीय वाटते, आणि पोस्टरवर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ती पुरेपूर पटतेही. मात्र पाटीवर मांडणीला फारसा वावच नसतो. तिथे एकेका अक्षराला स्वतःची ओळख स्वतःच टिकवावी लागते, आणि म्हणून तिथे मी निःशंकपणे फ्रुटिगरच्या बाजूने आहे.

उणिवाही आहेत. मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ या दोन्ही नुसत्या उभ्या रेघा असल्यामुळे इलिनॉय हे नाव रोमन लिपीत लिहिले की सुरुवातीला जवळजवळ एकसारखे तीन दांडेच दिसतात. मॅथ्यू कार्टर यांनी १९९६ साली संगणकाच्या पडद्यासाठी घडवलेल्या व्हर्डाना या फाँटमध्ये मोठ्या ‘आय’ला वर-खाली आडव्या रेघा देऊन हा प्रश्न सोडवला आहे, त्यामुळे पासवर्ड किंवा उत्पादनांचे सांकेतिक क्रमांक छापायचे असतील तर फ्रुटिगर टाळलेला बरा. शिवाय मूळ फ्रुटिगरमधील तिरकी अक्षरे म्हणजे सरळ अक्षरेच कललेली आहेत, आणि दीर्घ मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा यासाठी ती अपुरी पडतात.

नव्या कामासाठी घ्यायचाच असेल तर फ्रुटिगर यांनी अक्षररचनाकार अकिरा कोबायाशी यांच्यासह सुधारलेली, २००९ सालची नोये फ्रुटिगर ही आवृत्ती घ्यावी. मूळ फ्रुटिगरमधली, अक्षरांची जाडी क्रमांकांवरून ओळखायची पद्धत युनिव्हर्सपासूनची आहे आणि ती एकदा अंगवळणी पडली की फार सोयीची वाटते : ५५ म्हणजे नेहमीची, ६५ म्हणजे ठळक. गडद पाटीवर फिकट अक्षरे आतून उजळणार असतील तर ती डोळ्यांना पसरल्यासारखी दिसतात. अशा वेळी एक पायरी बारीक जाडी निवडावी आणि अक्षरांमधले अंतर किंचित वाढवावे. हा फाँट विकत घ्यावा लागतो, आणि संगणकावरील वापर व संकेतस्थळावरील वापर यांचे परवाने वेगवेगळे असल्यामुळे काम कुठे कुठे दिसणार आहे हे ग्राहकाशी आधीच बोलून घ्यावे.