लग्नाआधी सिकलसेलची तपासणी : सोल्युबिलिटी की एचपीएलसी?

विदर्भात स्थळ बघताना काही घरांत आता पत्रिकेसोबत "पॅटर्न काय?", म्हणजे रक्तात सिकलसेल या आनुवंशिक आजाराचं जनुक आहे का, हेही विचारतात. विचारायलाच हवं. प्रश्न एवढाच की उत्तर कुठल्या तपासणीवरून द्यायचं.

सोल्युबिलिटी ही नळीतली चाचणी मी शिबिरात जवळून पाहिली आहे. बोटातलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात, काही मिनिटं थांबतात आणि नळी छापील काळ्या रेघांपुढे धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त, झटपट, आश्रमशाळेच्या व्हरांड्यातही होते. जुलै 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं उद्दिष्ट 7 कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. एवढ्या माणसांना अशी चाळणी लागतेच.

पण ही नळी एएस (एकच सिकल जनुक असलेला वाहक) आणि एसएस (दोन्ही जनुकं सिकलची असलेला रुग्ण) वेगळे करत नाही. समजा, एखाद्या समाजात सिकलच्या जनुकाचं प्रमाण 10 टक्के आहे. जनुकाच्या प्रमाणावरून माणसांचा हिशेब मांडणाऱ्या हार्डी-वाइनबर्गच्या सूत्राप्रमाणे शंभरातले 81 एए (सिकल जनुक नसलेले), 18 एएस आणि 1 एसएस. त्या 19 नळ्या सारख्याच गढूळ दिसणार. नात्यातली लग्नं जास्त असतील तर एसएसचं प्रमाण सूत्रापेक्षाही वाढतं.

मला जास्त काळजी वाटते ती निगेटिव्हची. अंगात हिमोग्लोबिन फार कमी असेल तर नळी फसू शकते. शिवाय बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक तिला दिसतच नाही. एक जोडीदार एएस आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकल-थॅलेसेमिया (दोन्हींचं एकेक जनुक आल्यानं होणारा आजार) होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे नळी स्वच्छ दिसली, तरी घरात आजार येऊ शकतो.

एचपीएलसीत यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार टक्क्यांत मोजतं. एएसमध्ये एस (सिकलचं हिमोग्लोबिन) साधारण 30 ते 40 टक्के आणि ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) त्याहून जास्त. एसएसमध्ये ए नसतोच. ए2 हा हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार 3.5 टक्क्यांच्या वर गेला तर थॅलेसेमियाचा संशय घेतात. पैसे जास्त, रिपोर्टला वेळ, आणि तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याला खेप. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, नाहीतर आकडे चुकतात. लोह कमी असेल तर ए2 कमी दिसू शकतो, हेही डॉक्टरांशी बोला.

माझं मत स्पष्ट आहे : गावासाठी नळी, लग्नासाठी एचपीएलसी, आणि तीही दोघांची. फक्त मुलीला तपासायला नेणं चुकीचं आहे.

दोघंही एएस निघाले तर "चारातलं एकच मूल" असा हिशेब करू नका. दर खेपेला 25 टक्के शक्यता नव्यानं असते. दोन मुलांपैकी निदान एकाला आजार होण्याची शक्यता जवळपास 44 टक्के. अशा जोडप्यानं लग्न करायचं ठरवलं, तर गर्भाची डीएनए तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होते. ती कुठे होते याची चौकशी दिवस राहण्याआधीच करून ठेवा.