कोतवाल बुकातील ‘उकर्डा’: मोडी वाचून देणाऱ्या एका सेवेविषयी

पूर्णेकाठच्या आमच्या गावच्या कोतवाल बुकातील, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतील, आजोबांच्या जन्माच्या नोंदीची नक्कल हाती आली, पण ती मोडीत असल्याने घरात कोणालाच वाचता येईना. दुसऱ्या एका ठिकाणी करून घेतलेल्या लिप्यंतरात पणजोबांचे नाव ‘उत्तमराव वल्द फकिरा’ असे आले. ‘वल्द’ हे मधले नाव आणि ‘फकिरा’ हे आडनाव समजून त्या आडनावाची घरे शोधण्यात माझे वर्ष गेले.

शेवटी तालुक्याच्या गावी मोडी कागद वाचून देणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांच्याकडे बहुतेक लोक जात पडताळणीसाठी, विशेषतः इतर मागासवर्गीयांना लागणाऱ्या १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या पुराव्यासाठी येतात. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावले की मोडीत शब्द न तोडता सलग लिहिण्याची रीत होती, ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, आणि अशा नोंदींत पुष्कळदा आडनाव नसतेच; म्हणून शोध गाव, बापाचे नाव आणि जात यांवरून घ्यावा.

मूळ नाव ‘उत्तमराव’ नव्हतेच, ‘उकर्डा’ होते, आणि त्यांनी ते सभ्य न करता जसेच्या तसे लिहिले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मुले जगत नसली की पुढच्या बाळाला उकिरड्यावर लोळवून, दृष्ट लागू नये म्हणून असे नाव ठेवत. कचरू, धोंडू, भिका ही नावेही त्याच काळजीतली. त्यांच्या सांगण्यावरून मी आधीच्या सालांची पाने मागवली, तेव्हा त्यांत फकिराच्या दोन लेकरांच्या मृत्यूच्या नोंदी निघाल्या. त्या ओळी ऐकताना माझ्या आत्याला रडू आवरले नाही, कारण आपल्या आजोबाच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या, ‘उकर्डा’ या नावाची तिला जन्मभर लाज वाटत आली होती.

पानामागे दोनशे रुपये आणि तीन आठवड्यांची वाट, हे काहींना जड वाटेल. पण शंका असलेल्या प्रत्येक अक्षरापुढे ते प्रश्नचिन्ह घालतात, त्यामुळे मला हा दर रास्त वाटतो. जाताना जन्माबरोबर मृत्यूच्या नोंदींच्या नकलाही न्याव्यात, आणि नकलेच्या अर्जात तसे स्पष्ट लिहावे.