कोबोटूलबॉक्स: सर्वेक्षणाच्या नोकरीआधी हात बसवायचं साधन

समाजशास्त्राच्या पदवीनंतर अध्यापन आणि समाजकार्य या दोन वाटा सगळेच सुचवतात. संशोधन संस्था, प्रकल्प-मूल्यमापन, बाजार-सर्वेक्षण याही वाटा आहेत, आणि तिथे फॉर्म बांधता येणाऱ्या उमेदवाराला लगेच काम देता येतं. सर्वेक्षणाचे डिजिटल फॉर्म बांधायचं आणि भरायचं साधन म्हणजे कोबोटूलबॉक्स. ते मुक्तस्रोत आहे, मोफत खात्यावर शिकता येतं आणि इंटरनेट नसतानाही अँड्रॉइड फोनवर माहिती भरता येते.

माउसने प्रश्न ओढून फॉर्म होतो, पण शिकायचं तर एक्सएलएसफॉर्म, म्हणजे एक्सेलच्या तक्त्यात फॉर्म लिहायची पद्धत, शिका. 'सर्व्हे' पानावर टाइप (उत्तराचा प्रकार), नेम (माहितीतल्या रकान्याचं नाव), लेबल (दिसणारा प्रश्न) हे रकाने; 'चॉइसेस' पानावर उत्तरांचे पर्याय. 'रेलेव्हंट' रकान्यात अट लिहिली की शाळेत न जाणाऱ्या मुलाला इयत्ता विचारली जात नाही. 'कन्स्ट्रेंट'मध्ये ० ते ११० लिहिलं की वयाच्या जागी १५० बसत नाही. प्रश्नावली-रचनेच्या तासाला शिकलेलं इथे खरोखर कामाला येतं, म्हणूनच हे साधन समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला लवकर जमतं.

चुका ठरलेल्या असतात. वय 'टेक्स्ट' प्रकारात घेतलं की 'तीस', '३०', '30 वर्षे' अशी खिचडी होते, 'इंटिजर' (पूर्णांक) घ्या. सर्वेक्षण सुरू झाल्यावर प्रश्नाचं 'नेम' बदललं तर एक्सपोर्टमध्ये त्याचे दोन रकाने होतात. फॉर्म सुधारून पुन्हा 'डिप्लॉय' केला, म्हणजे वापरासाठी खुला केला, तरी सर्वेक्षकाच्या फोनवर नवी आवृत्ती उतरली आहे का ते पाहावंच लागतं. सर्वांत महाग चूक म्हणजे भरलेले फॉर्म पाठवण्याआधी ॲप काढून टाकणं. दिवसभराच्या मुलाखती जातात, आणि लोकांनी दिलेला वेळ पुन्हा मागायला तोंड राहत नाही.

उणीव विश्लेषणाची. रिपोर्टमध्ये वारंवारता आणि आलेख मिळतात. काय-वर्गसारख्या (दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या) चाचण्यांसाठी माहिती एसपीएसएस किंवा आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी लागते. नमुना कसा निवडायचा, हेही कोबोटूलबॉक्स शिकवत नाही.

अर्जासोबत जोडायला २५ प्रश्नांचा फॉर्म पुरे: तीन-चार अटी, दोन भाषांतली लेबलं, सोबत कोडबुक, म्हणजे प्रत्येक रकान्याचा आणि उत्तराच्या कोडचा अर्थ सांगणारी यादी. आधी दहा जणांवर चाचणी घ्या आणि त्यानंतर कोणते प्रश्न का बदलले, हे एका पानात लिहा. निवड करणाऱ्याने आधी वाचावं असं पान तेच.