ओट्यासाठी क्वार्ट्झ की ग्रॅनाइट? सांगलीतल्या दुकानांचा अनुभव

विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमधला जुना ओटा कडप्प्याचा, लिंबू-कोकम सांडून सांडून पॉलिश पार गेलेलं. कडप्पा म्हणजे शेवटी चुनखडीचाच दगड, आंबट त्याला खातंच. म्हणून नवीन करायचा ठरवला आणि सांगली-मिरज रोडची दुकानं पालथी घातली.

पहिल्या दुकानात शिरल्या शिरल्या "वहिनी, क्वार्ट्झच घ्या, डाग नाही, सीलर नाही, मेंटेनन्स झिरो." (सीलर म्हणजे दगडाची छिद्रं बुजवायला लावतात ते द्रावण.) अर्धं खरंय. क्वार्ट्झची पाटी खाणीतनं अख्खी निघत नाही, नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकीचं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकटवणारा पदार्थ, असं दाबून कारखान्यात बनवतात, त्यामुळं छिद्रं जवळपास नाहीतच आणि तेल-पाणी मुरत नाही. पण रेझिनला दीडशे डिग्रीच्या पुढं सोसत नाही हे काय तो बोलला नाही. आपण फोडणीची कढई उचलून कुठं ठेवतो? ओट्यावरच की! नणंदेकडं पांढरं क्वार्ट्झ आहे, गॅसच्या डाव्या हाताला कढईच्या बुडाएवढं पिवळट गोल उमटलंय, कितीही घासा जात नाही, कारण तो डाग नाहीच, रेझिनच भाजलंय. शिवाय हळद रात्रभर राहिली तर फिकट पिवळी छटा उरते, आणि सांगलीत राहून हळद टाळायची म्हणजे अवघडच. बाल्कनीतल्या उन्हात तर क्वार्ट्झ बसवूच नका, रंग उतरतो.

ग्रॅनाइटमध्ये पण फसवाफसवी आहेच बरं का. काळ्या ग्रॅनाइटवर कापसाला थिनर लावून पुसायचं, त्याच दुकानात कापूस काळा झाला, तर मालक म्हणे "पॉलिश आहे ओ ते". रंग मारलेला माल, दुसरं काय! पुढच्या दुकानातल्या काकांनी मात्र आपणहून तुकडा काढून दिला, म्हणाले पाणी टाका, लिंबू पिळा, घरी न्या, काय करायचं ते करा. पाणी टाकून पंधरा मिनिटं ठेवलं, दगड गडद झाला नाही. फिकट रंगाचे ग्रॅनाइट जास्त पाणी पितात, त्यांना सीलर लावत राहावं लागतं, म्हणून मी काळाच घेतला, आंध्रातला ब्लॅक गॅलेक्सी, सोनेरी ठिपक्यांचा. पुसलं नाही की पाण्याचे पांढरे डाग लगेच दिसतात, तेवढा त्रास आहे. क्वार्ट्झ डायनिंगच्या बाजूच्या छोट्या काउंटरला लावलं, तिथं गरम भांडं येत नाही, आणि दिसायला ते भारीच आहे, नाही म्हणणार नाही.

अजून एक, कटिंग पाणी मारूनच करायला लावा. क्वार्ट्झच्या धुळीत सिलिका फार असते, कापणाऱ्यांची फुफ्फुसं जातात, म्हणून ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून अशा कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झवर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्ये कमी असते पण असतेच. आमच्याकडं पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून कोरडंच कापायला निघाली होती, काकांना फोन लावला तेव्हा पाण्याचा पाइप आला.

काकांच्या दुकानाला पाचपैकी चार. एक कापला कारण सिंकचं कटिंग आणि कडेचं मोल्डिंग रेटमध्ये धरलेलं नव्हतं, मोल्डिंग रनिंग फुटावर वेगळं लावलं आणि ते बिल हातात आल्यावर कळलं. तुम्ही आधीच लिहून घ्या.