ट्यूब ॲम्प आणि मॉडेलर: भुसावळात दोन्ही शेजारी ठेवून वाजवल्यानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मागून देतो. खानदेशात कार्यक्रम वाजवणाऱ्या गिटारिस्टला स्टेजवर ट्यूब ॲम्पची, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पची, गरज उरलेली नाही. घरी सरावाला असेल तर आनंदच आहे. पण घरी गिटारचा खरा स्पीकर मात्र हवा, तिथे तडजोड करू नका. ट्यूब ॲम्प विकून मॉडेलर, म्हणजे अशा ॲम्पची डिजिटल नक्कल करणारी पेटी, घेतलेल्या माणसाला जे चुकल्यासारखं वाटत राहतं, त्यातला मोठा हिस्सा त्या स्पीकरचा असतो. दिवाळीपासून पावसाळा लागेपर्यंत दोन्ही वापरून माझं हे मत पक्कं झालं.

माझ्याकडे फेंडरचा ब्लूज ज्युनियर आहे. 15 वॉट, 12 इंची एकच स्पीकर, सुरुवातीला तीन 12एएक्स7 ट्यूब आणि पॉवरला दोन ईएल84 ट्यूब. मॉडेलर म्हणजे लाइन 6 चा एचएक्स स्टॉम्प, 2018 साली आलेला, गिटारच्या बॅगेच्या कप्प्यात मावणारा. लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा, कॉलेजांची गॅदरिंगं, नाताळात चर्चमधलं वादन, आणि रोज संध्याकाळी क्लासची मुलं, एवढा सगळा वापर यात आला.

घरातली तुलना बहुतेक जण चुकीच्या पायावर करतात. एकीकडे खोलीत जमिनीवर ठेवलेला ट्यूब ॲम्प, दुसरीकडे मॉडेलर आणि हेडफोन. हेडफोनमध्ये ऐकू येतो तो स्पीकरच्या कापडाला चिकटवलेल्या माइकने टिपलेला आवाज. मॉडेलरमध्ये ॲम्पच्या पुढे कॅबिनेटचा जो आयआर लावलेला असतो, तो स्पीकर, माइक आणि माइकची जागा या तिन्हींचा मिळून घेतलेला ठसा असतो. रेकॉर्डवर आपण गिटार ऐकतो ती अशीच. पण पायाशी ठेवलेल्या ॲम्पचा आवाज खोलीच्या भिंतींवरून फिरून येतो, त्याचा चरचरीत ट्रेबल गुडघ्यांवर जातो आणि कानाला मऊ आवाज लागतो. हाच ॲम्प खुर्चीवर ठेवून तोंड कानाकडे करा, ‘उबदार ट्यूब टोन’ म्हणून ज्याचं कौतुक चाललेलं असतं तो लगेच बोचायला लागतो.

म्हणून मी दोघांना एकाच स्पीकरवर आणलं. ब्लूज ज्युनियर बंद करून त्याच्या स्पीकरची पिन काढली आणि एका छोट्या क्लास डी (ट्यूब नसलेल्या, हलक्या) पॉवर ॲम्पला लावली. (ट्यूब ॲम्प चालू असताना स्पीकर कधीही काढू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.) स्टॉम्पमधला कॅबचा, म्हणजे कॅबिनेटच्या नकलेचा, ब्लॉक बंद केला आणि यूएस डिलक्स हे मॉडेल लावलं. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बवर बेतलेलं आहे ते. माझा ॲम्प डिलक्स रिव्हर्ब नाही, त्यामुळे तंतोतंत जुळणी होणार नव्हतीच. दोन्हींचा आवाज मोबाइलच्या मीटरवर सारखा करून घेतला. हे टाळू नका, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.

क्लासमधला एक बारावीचा मुलगा पाठ करून बसला. मी तोच ई कॉर्ड, तीच फ्रेझ आलटूनपालटून वाजवली. त्याचं उत्तर आलं, “सर, दोन वेगळे ॲम्प आहेत एवढं कळतंय, पण ट्यूबवाला कोणता ते नाही सांगता येत.” ऐकताना मलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. वाजवताना मात्र हाताला फरक कळत होता. ट्यूब ॲम्पच्या आउटपुटची इम्पीडन्स (विद्युत अडथळा) जास्त असल्याने स्पीकर स्वतःच्या रेझोनन्सला, म्हणजे तो आपोआप जास्त थरथरतो त्या सुराला, साधारण 100 हर्ट्झच्या आसपास, मोकळा डुलतो. क्लास डी त्याला घट्ट धरून ठेवतो. शेवटी ईक्यूमध्ये (बेस-ट्रेबल कमी-जास्त करण्याच्या सोयीत) तेवढा भाग आणि वर 3-4 किलोहर्ट्झ थोडं उचललं, आणि तो फरकही बराचसा गेला.

बराचसा म्हणालो, पूर्ण नाही. आवाज फुटायच्या (डिस्टॉर्ट व्हायच्या) अगदी काठावर ॲम्प ठेवलेला असताना ट्यूब ॲम्प जे करतो ते मला आजही तिथेच सगळ्यात चांगलं मिळतं. गिटारचा व्हॉल्यूम 10 वर असला की तो गुरगुरतो, 7 वर आणला की गुरगुर फक्त जोरात मारलेल्या सुरांवर उरते, 4 वर तो स्वच्छ होतो. आणि या टप्प्यांच्या मधे कुठेही पायरी लागत नाही. करंगळीने नॉब फिरवत एकाच गाण्यात तीन आवाज काढता येतात, पाय हलवावा लागत नाही. मॉडेलरही हे करतो आणि आता फार चांगलं करतो. सॅग आणि बायस या ट्यूबच्या वागण्याची नक्कल करणाऱ्या सेटिंगशी खेळलं की आणखी जवळ येतो. पण ते शोधावं लागतं. ट्यूब ॲम्पमध्ये ते स्विच दाबल्यापासून हजर असतं.

यातली मेख अशी, की हे सुख मोठ्या आवाजातच मिळतं. 15 वॉट ऐकायला थोडे वाटतात, पण दहा बाय बाराच्या स्लॅबच्या खोलीत हा ॲम्प पाचावर नेला की शेजारचे दार वाजवतात. फ्लॅटमध्ये राहणारा माणूस तो दीड-दोनच्या पुढे नेत नाही, आणि तिथे पॉवरच्या ईएल84 जवळपास झोपलेल्याच असतात. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती त्याला कधी ऐकूच येत नाही. आमचं घर जुनं, मागे मोकळं अंगण, म्हणून माझं निभावतं.

आता स्टेज. इथे मला जराही शंका नाही.

मुख्य कारण वीज. यावलकडच्या एका लग्नात थंडीतल्या रात्री, शेतातले पंप चालू असण्याच्या वेळेला, सॉकेटवर मीटर लावला तर 195 व्होल्ट. ट्यूब ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर साधा असतो, मागे 230 च्या जागी 195 आले की आत सगळंच त्या प्रमाणात उतरतं. ट्यूब तापवणाऱ्या हीटरला 6.3 व्होल्टऐवजी 5.3 मिळतात, ट्यूबच्या प्लेटचा मोठा व्होल्टेज पडतो, ॲम्पचा आवाज लवकर फुटतो आणि बेस गिजगिजीत होतो. मग जनरेटर लागला की उलटं. 255 आले तर हीटरवर 7 व्होल्ट, म्हणजे ट्यूबचं आयुष्य कमी. मॉडेलरच्या अडॅप्टरला 195 मिळोत की 235, तो पुढे 9 व्होल्टच देतो. लाइन जाऊन जनरेटर लागेपर्यंतचा वेळ कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस सहज काढून देतो, त्यामुळे प्रेक्षकांसमोर पुन्हा चालू होण्याची वाट बघत उभं राहावं लागत नाही.

दुसरं ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो हे काही नवीन नाही. संध्याकाळी लॉनवर स्टेज लावायला घेतो तेव्हाही लोखंडी पाइपला हात लाववत नाही. अशा हवेत ट्यूब ॲम्प स्वतःची भट्टी घेऊन उभा असतो. दोन ईएल84 आणि तीन 12एएक्स7 यांचे नुसते हीटरच मिळून सुमारे 15 वॉट खातात, तुम्ही वाजवा किंवा नका वाजवू. जेवढा आवाज काढायचा, तेवढीच वीज फक्त गरम राहायला. त्यात ॲम्पचं वजन 14 किलोच्या आसपास, आणि आमचा प्रवास म्हणजे ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि सहा माणसं एका गाडीत.

तिसरं म्हणजे साउंडवाला. ट्यूब ॲम्पपुढे माइक लावायचा तर तो गायकाच्या माइकांतूनच काढून द्यावा लागतो. मग त्यात ढोलक घुसते, आणि नाचणाऱ्यांपैकी कोणाचा तरी पाय स्टँडला लागून माइकचं तोंड फिरतं. मॉडेलरची केबल थेट मिक्सरला जाते. ज्या दिवशी पहिल्यांदा थेट दिलं, तेव्हा अमळनेरकडचा साउंडवाला हेडफोन कानाला लावून एवढंच म्हणाला, “बेस शे भाऊ!” (अहिराणीत, छान आहे भाऊ) आणि गिटारचं चॅनल त्याने रात्रभर हलवलं नाही. इतक्या वर्षांत माझा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत असा सारखा कधी गेला नव्हता.

डिजिटलमुळे आवाज उशिरा येतो ही तक्रार मला पटत नाही. अशा पेटीत उशीर होतो तो काही मिलीसेकंदांचा. दोन मीटरवर ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायलाच सहा मिलीसेकंद लागतात, आणि त्याबद्दल आपण कधी बोलत नाही.

मॉडेलरवाल्यांनी एक गोष्ट जरूर करावी. घरी हळू आवाजात बनवलेलं सेटिंग स्टेजवर तसंच वापरू नका. कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून ठेवलंय. घरी आपण ते दोन्ही चढवतो आणि स्टेजवर बेस घुमतो, ट्रेबल टोचतो, मधली गिटार गायब होते. ‘मॉडेलर बँडमध्ये दबतो’ हे वाक्य जिथे जिथे ऐकलं, तिथे मला हेच सापडलं. सेटिंग कार्यक्रमाच्या आवाजात करा, साधारण 100 हर्ट्झच्या खालचं कापा, गेन (आवाज किती फुटावा ते ठरवणारा नॉब) घरी ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा.

आणि कुठलाही मॉडेलर सरावाचा वेळ खातो, हेही तितकंच खरं. एका ॲम्पचे सहा नॉब असतात, इथे शेकडो पर्याय. माझ्या क्लासमधल्या मुलांना मी पहिले काही महिने ब्लूज ज्युनियरच देतो, गेन खाली ठेवून. त्यात उजव्या हाताचा कच्चेपणा लपत नाही. जोर कमी-जास्त झाला की तोंडावर कळतो. हाताला ती सवय लागलेली मुलं नंतर मॉडेलरमध्ये काय शोधायचं ते स्वतःच ओळखतात.

देखभालीचं बघू. ट्यूब ही झिजणारी वस्तू आहे, ती बदलावी लागणारच. होळीच्या सुमारास माझ्या ॲम्पमधून सुरामागे काचेसारखी किणकिण यायला लागली. लाकडी पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेका ट्यूबवर हळूच टकटक केलं, तर एका ईएल84 ने स्पीकरमधून ठणठण उत्तर दिलं. जळगावात ट्यूब मिळाली नाही, पण जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका मिळाले. एकेकाळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूबच, बनवायची, त्या काळापासून ते याच कामात आहेत. सॉकेट साफ करताना त्यांचा डावा हात सबंध वेळ खिशात होता. आत 300 व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात, म्हणून एकाच हाताने काम करायचं, अशी त्यांची शिस्त. मॅच केलेली जोडी मुंबईहून मागवली. आज जगात या ट्यूब बनवणारे कारखाने मोजकेच आहेत, मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये. 2022 साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा रशियाचा पुरवठा अडखळला आणि भाव चढले. यावल-रावेरला कार्यक्रम करणाऱ्या माणसाने आपली रोजीरोटी एवढ्या लांबच्या साखळीवर कशाला टांगावी?

म्हणून घेण्याचा क्रम माझ्या मते असा. कार्यक्रम करत असाल तर आधी मॉडेलर. मग 12 इंची गिटार स्पीकरचं एक साधं कॅबिनेट आणि छोटा पॉवर ॲम्प. ट्यूब ॲम्प त्यानंतर, तोही घर मोकळं असेल आणि फुटण्याच्या काठावर वाजवायची आवड असेल तरच. विद्यार्थ्यांनी तर एवढाही खर्च करू नये. घरात कॉम्प्युटर आणि ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) असेल तर न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. खऱ्या ॲम्पवरून केलेली कितीतरी कॅप्चर, म्हणजे डिजिटल नकला, त्यात चालतात.

जुना ट्यूब ॲम्प घ्यायला पुण्या-मुंबईला जाणार असाल तर तो निदान अर्धा तास चालू ठेवून वाजवा, कारण काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. गिटार न लावता व्हॉल्यूम वर नेऊन घरघर ऐका, प्रत्येक नॉब फिरवून खरखर बघा, ट्यूबवर पेन्सिल मारा. मागच्या पाटीवर 230 व्होल्ट लिहिलंय ना ते वाचा, परदेशातून आलेले 120 व्होल्टचे ॲम्पही विकायला असतात. आणि परत येताना स्टॅबिलायझर घेऊनच या.