टीना डिको की आग्नेस ओबेल, कुणाच्या वाटेनं जायचं?

स्वतः गाणी लिहून गाणाऱ्या पोरापोरींचा प्रश्न ठरलेला असतो, लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे जाऊ का सगळं स्वतःच करू. मला यावर डेन्मार्कच्या टीना डिको आणि आग्नेस ओबेल या दोघी गायिका आठवतात. देश केवढासा, ६० लाखांच्या आसपास माणसं, नुसत्या घरच्या ऑडियन्सवर भागणं अवघडच, त्यामुळे बाहेर दोघी पडल्या पण वाटा एकदम वेगळ्या.

टीना डेन्मार्कातल्या ऑर्हूस शहराची, जन्म १९७७. कुणाच्या दारात ताटकळत न बसता तिनं फायनेस्ट ग्रामोफोन नावाचं स्वतःचंच लेबल काढलं आणि २००१ ला पहिला अल्बम 'फ्यूएल' त्यावरच आणला. मग लंडन, तिथं झीरो ७ या ब्रिटिश ग्रुपच्या २००४ च्या अल्बमवर गायली, बाहेरच्यांना नाव कळलं, आणि २००५ चा 'इन द रेड' डेन्मार्कात थेट एक नंबरला. ऐकायला भारी वाटतं, पण स्वतःचं लेबल म्हणजे स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग, सीडी छापणं, पोस्टर, सगळं आधी तुमच्या खिशातनं जाणार आणि वसूल होणार ते गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम करून करून, आज या गावात उद्या त्या गावात. स्टेजवर ज्याला घाम फुटतो त्यानं इकडं फिरकू नये. बदल्यात मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे हक्क तुमचेच राहतात, हे लहानसहान नाही.

आग्नेस १९८० ची, बर्लिनला जाऊन राहिली. २०१० चा 'फिलहार्मोनिक्स' तिनं स्वतः लिहिला, वाजवला, रेकॉर्ड आणि प्रोड्यूसही केला, रिलीज मात्र पिआस या इंडी, म्हणजे स्वतंत्र लेबलकडून. त्याआधी तिचं 'जस्ट सो' हे गाणं डॉइचे टेलिकॉम या जर्मन फोन कंपनीच्या जाहिरातीत वाजलं होतं. २०११ ला पाच डॅनिश म्युझिक अवॉर्ड. 'डार्क' ही जर्मन सिरीज बघितली असेल तर तिचं 'फमिलियर' हे गाणं कानावरून गेलंय, त्यात बाईबरोबर एक पुरुष गातोय असं वाटतं ना, तो तिचाच आवाज आहे, पट्टी खाली उतरवलेला! (मला हे कळल्यावर मी हेडफोन लावून परत तीनदा ऐकलं.) असलं काम खोलीत कोंडून घेतल्याशिवाय होत नाही, अल्बमची सालंच बघा, २०१०, १३, १६, २०. मधल्या वर्षांत घरभाडं काय आभाळातनं पडणार? तिथं जाहिरात, सिनेमा, सिरीजच्या लायसन्सचे पैसे कामाला येतात, आणि ती बोलणी, ते कागद सांभाळायला माणसं लागतात, म्हणून लेबलनं हिस्सा घेतला तरी मला तो वाया गेलेला वाटत नाही. फक्त जाहिरात लागेलच याची गॅरंटी कोण देणार.

तर गिटार घेऊन महिन्याला आठ-दहा गिग मारायची तयारी असेल तर टीना, लॅपटॉपसमोर रात्र जात असेल तर आग्नेस, पण सही करण्याआधी मास्टर कुणाकडे राहणार तेवढं विचारा. माझा कल टीनाकडे आहे. इतकी वर्षं इंग्रजीत गाऊन २०२२ ला तिनं 'बिते स्मो रूक' हा अख्खा अल्बम डॅनिशमध्ये काढला, आणि हिंदी का मराठी यात अडकलेल्या आपल्या लोकांनी तो एकदा तरी लावून बघा, शब्द नाही कळले तरी.